कोळसा मुरेपर्यंत

लिंबागणेशच्या धोंडीराम लोहाराकडं अजमतबी खुरपं घेऊन कवाची ताटकळली होती. भट्टीपाशी धोंडीराम आणि त्याची बायको सत्यभामा यांचं चाललं होतं.

“अवो, लेकीची गाडी जुंपलीय. तिची विळी झाली का?”

“थांब. कोळशाची भुकटी लावून मातीत लिंपलीय. कोळसा लोखंडात मुरला तरच धार टिकती.”

“घट्ट लोखंडात त्यो शिरतोय कुठनं?”

“तापलं की मुंगीच्या पावलानं आत सरकतो. मऊ विळी देऊन मोगलाईबाहेर परमुलखात नांदायला धाडू का तिला?”

“मग तिच्या गाठोड्यात धार लावलेली नवी विळी कोनी ठिवली?”

भाता थांबला.

“मीच. सकाळी काढली.”

“मग भट्टीत काय हाय?”

“नुसती माती.”

सत्यभामा हळूच शेजारी टेकली.

“मग भाता कावून थांबवला? ओढा की. गाडी थांबंल तवर.”