रांबुतानवरच्या सापाचा कौल

खेंग हुआत: ...आणि एक लक्षात ठेव. चार पिढ्यांत या घरातून एकाही पाहुण्याला हाकललेलं नाही.

गेक सिम: माझ्या भावाला हाकललंत.

खेंग हुआत: तो पाहुणा नव्हता. पत्ते खेळायला आला आणि महिनाभर उठलाच नाही.

गेक सिम: हा तरी कुठे उठतोय? मंगळवारपासून त्याच फांदीवर आहे. माझ्या भावाला निदान विष तरी नव्हतं.

खेंग हुआत: तुझ्या भावाला?

गेक सिम: अहो!

(पिनांगमधल्या एका घराचं परसदार. लिचीसारखी केसाळ फळं येणाऱ्या रांबुतानच्या झाडावर, खालच्या फांदीवर, बोटभर जाडीचा हिरवा साप. नवरा-बायको झाडापासून जरा जास्तच लांब.)

खेंग हुआत: आपल्या गावच्या सापांच्या देवळातला आहे तो. लोक बस बदलून दर्शनाला जातात, आपल्याकडे घरपोच आलाय. तो आल्यापासून माझं ब्लडप्रेशर उतरलंय.

गेक सिम: तो आल्यापासून तुम्ही बागेत काम करत नाही, म्हणून उतरलंय. आणि देवळात निदान पाटी असते, हात लावू नये म्हणून.

खेंग हुआत: पाटी मी लावतो.

गेक सिम: कुठे? झाडाजवळ जाणार कोण?

खेंग हुआत: उदबत्त्या लावल्याच की मी. धुराने साप शांत राहतो.

गेक सिम: तुम्ही त्या शेजाऱ्यांच्या कुंपणाला लावल्यात. त्यांचा कुत्रा शांत झालाय. साप आहे तसाच आहे.

खेंग हुआत: म्हणजे शांतच की.

गेक सिम: हे बघा, मला सापाशी भांडण नाही. माझं म्हणणं एवढंच, बाळ महिन्याचं झालं, त्याचा सोहळा करायचाय. लाल अंडी रंगवून झाली, पिवळ्या भाताचे तांदूळ भिजत पडलेत, आणि काल स्वी लिन फोनवर काय म्हणते? 'आई, बाळाला तिकडे नको, त्याला सोसायचं नाही.' सकाळी तुम्ही घरच्या ग्रुपवर सापाचा फोटो टाकलात, संध्याकाळी लेकीचा फोन. पहिला नातू, आणि त्याला आजोळ बंद!

खेंग हुआत: फोटोला जावयाने अंगठा दिला होता.

गेक सिम: जावई तुमच्या गुडघ्याच्या एक्स-रेलाही अंगठा देतो.

खेंग हुआत: मग तुझं काय म्हणणं?

गेक सिम: नागरी संरक्षणवाल्यांना फोन करा. चिमट्याने धरतात, पोत्यात घालतात, डोंगरावर सोडून येतात. सापही खूश, नातूही.

खेंग हुआत: देवाला न विचारता?

गेक सिम: विचारा ना! कौल लावा. ते लाकडाचे दोन अर्धचंद्र कशाला ठेवलेत देव्हाऱ्यात, धूळ खायला?

खेंग हुआत: आण. पण नीट लक्ष दे. एक पालथा, एक उताणा पडला तर होकार. दोन्ही पालथे, तर नकार.

गेक सिम: लग्नाला तीस वर्षं झाली माझ्या. टाका.

खेंग हुआत: देवा, तुझा साप इथेच राहू देऊ ना?

गेक सिम: दोन्ही उताणे. देव हसतोय, म्हणजे परत टाका.

खेंग हुआत: बाजूला हो, वारा अडतोय. देवा, तुझा साप इथेच राहू देऊ ना?

गेक सिम: परत हसला.

खेंग हुआत: देवा, सापाला... हा बघ! एक पालथा, एक उताणा! होकार! राहायचं!

गेक सिम: द्या इकडे. देवा, नातू घरी यायचाय. तेवढ्यासाठी सापाला डोंगरावर हलवू का? ...बघा. पहिल्या फटक्यात.

खेंग हुआत: देव दोघांनाही हो कसं म्हणेल?

गेक सिम: संसारी असेल.

खेंग हुआत: आता गं काय करायचं?

गेक सिम: ते तुम्ही ठरवा. मी बोलणार नाही.

खेंग हुआत: न बोलता अशी बघत उभी राहू नकोस. ...बरं. नातवाला आजोळ पाहिजेच. देवाची माफी मी मागेन, संत्री जरा जास्त ठेवेन. स्वी लिनला फोन लाव. स्पीकरवर ठेव, मलाही ऐकू दे.

गेक सिम: हॅलो, स्वी लिन? बाळ झोपलंय ना? ऐक, बाबा तयार झाले! साप जाणार!

स्वी लिन: कुठला साप?

गेक सिम: रांबुतानवरचा! बाबांनी फोटो टाकला तो!

स्वी लिन: तो होय. आई, मी शाळेत असतानाही तिथे एक असायचा. मी त्याच्याकडे बघत पाढे पाठ करायचे. त्याला कशाला घालवताय?

खेंग हुआत: ऐकलंस? ऐकलंस?

गेक सिम: अगं मग तू बाळाला का आणत नाहीस?

स्वी लिन: त्याला घामोळं उठलंय गं, पाठभर. आणि तुमच्याकडे एसी नाही.

खेंग हुआत: ...चार पिढ्या या घरात कुणाला उकडलं नाही.

स्वी लिन: बाबा, एसी बसला की त्याच दिवशी येते. भात मात्र तिखट कोंबडीबरोबर पाहिजे. ठेवते, उठला वाटतं.

खेंग हुआत: झालं! एसी बसवायचा, नातू येणार, साप राहणार. सगळ्यांचं सगळं झालं. देव उगाच नाही दोघांना हो म्हणाला! ...आता कुणाला फोन लावतेस?

गेक सिम: एसीवाल्याला. हॅलो? ...हो, मागची खोली. ...हो, झाड आहे भिंतीला लागून. ...हो, आहे. हिरवा. ...बरं, बरं. विचारून सांगते.

खेंग हुआत: काय म्हणाला?

गेक सिम: शनिवारी येतो म्हणाला. बाहेरचं यंत्र रांबुतानच्या बाजूलाच बसेल.

खेंग हुआत: मग बसू दे की!

गेक सिम: साप असेपर्यंत तो शिडी लावणार नाही.