उद्याचा अध्यक्ष

नाही नाही मास्तर, कोट खांद्यात सैल नको — घट्टच ठेवा, गिरणीच्या साहेबांनी बजावलंय, मापाचा दिसला पाहिजे, उसना वाटता कामा नये. उसनाच आहे म्हणा — कंपनीच्या ड्रायव्हरचा, लग्नातला — पण बाह्या आत घेतल्यात की कोण ओळखतंय? तुम्ही बोलू नका, तोंडभर टाचण्या आहेत, गिळाल एखादी. मान हलवा नुसती. सकाळपर्यंत होईल ना? झालं तर मग.

भुवया कशाला उडवताय? कोट कशाला, होय? — अहो, अध्यक्ष झालो मी. युनियनचा! हसा, मीही हसलो होतो. कापड विणायच्या साच्यांवरचा जॉबर मी, साचा अडला की पाना घेऊन धावायचं एवढं माझं काम — आणि साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं, खुर्ची दिली, मला, खुर्ची! — आणि म्हणाले, आजपासून तुम्ही अध्यक्ष. म्हटलं, निवडणूक? म्हणाले, झाली. मतं कोणी दिली? कोण देणार! पाटी रंगवून तयार, अजून बोटाला रंग लागतो तिचा. आधी होती की आपली युनियन, खरीखुरी, गोदामामागे गोणपाटावर बसायचे सगळे — तिला कुलूप लागलं आणि तिची माणसं तुरुंगात गेली, तुम्हाला काय सांगायचं. मग आता पाटी का? तर परदेशातून पाहुणे येताहेत, तिकडच्या युनियनचे. झालंय असं, की तिकडच्या बंदरावरच्या हमालांनी आपल्या कापडाच्या गाठी जहाजातून उतरवल्याच नाहीत — आधी कोंडलेली माणसं सोडा, मग बघू, म्हणाले. हमाल हो! ज्यांनी आपलं तोंड कधी पाहिलं नाही ते अडून बसले — आणि मी काय केलं? मी हात धुतले आणि घरी गेलो.

लंबूला तुम्ही ओळखता, त्याची पँट शिवताना कापड पुरायचं नाही तुम्हाला. माझा मेहुणा तो, बायकोचा धाकटा भाऊ, मला दाजी म्हणतो. पहिलं त्यालाच उचललं, बैठकीतून. युनियन केली म्हणून कसं धरायचं? म्हणून मग चोरी. धोटे चोरले म्हणे साच्यांचे, आडवं सूत नेतात ते. आता धोटे — धोटे असतात माझ्या कपाटात, मास्तर, आणि किल्ली असते माझ्या कमरेला. एक धोटा कमी नाही. मला कुणी विचारलं नाही, आणि मी — मीही सांगितलं नाही. आपलेच दात, आपलेच ओठ, कुणापुढे वाच्यता करायची? असं म्हणतो मी मनाला. खोटंय ते. घाबरलो, दुसरं काही नाही. साहेब म्हणाले, बैठकीला तुम्हीही जायचात ना? बस, एवढंच विचारलं, हसून.

आणि उद्या पाहुणे विचारणार, लंबूला का धरलं. मी काय म्हणायचं? चोर होता, आमची युनियन वेगळी, आमचं सगळं सुरळीत आहे. साहेबांनी पाठ करून घेतलंय, शाळेतल्या कवितेसारखं. बरं, असं बोललं की पाहुणे खूश होतील, गाठी उतरतील, मग लंबूलाही सोडतील — असं साहेबच म्हणाले. आता नका मान हलवू, मलाही कळतं. चोर ठरलेल्याला कोण सोडतंय?

हां, इकडे वळतो. दुकानाच्या काचेकडे तोंड, दिव्याच्या उजेडात, बरं. — पण खरी गंमत पुढे आहे. साहेबांनी डोकं लढवलंय. पाहुण्यांना कामगारांशी बोलायचंय ना? बोला की! भेट साच्यांच्या खात्यातच ठेवलीय, सगळे साचे चालू ठेवून. त्या खडखडाटात कानाशी तोंड लावलं तरी शब्द कळत नाही. साहेबांना वाटतं, विषयच मिटला. पण आम्ही तिथे कानांनी ऐकतो कुठे? ओठ वाचतो आम्ही. साच्यावर वर्ष काढलं की कुणालाही येतं, या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईला सुनेच्या कागाळ्या सांगते, मध्ये साठ फुटांची धडधड. साहेबांना हे माहीत होतं अर्धवट, म्हणून म्हणाले — कामगार काय म्हणतात ते तुम्हीच पाहुण्यांना सांगायचं. आज तालीम केली. साहेब पुढे, मी मागे. पहिल्या साच्यावरच्या मावशींनी वर बघितलं आणि ओठांनी म्हणाल्या, ‘लंबू कुठाय?’ दुसऱ्या साच्यावर तेच. तिसऱ्यावर तेच. सगळी रांग, मास्तर, कुणी हात थांबवला नाही, कुणी चेहरा बदलला नाही, नुसते ओठ. बाहेर आल्यावर साहेबांनी विचारलं, काय म्हणत होते? — मी म्हटलं, मजेत आहोत, म्हणत होते.

लाज वाटते हो. जेवण जात नाही. त्यातून घरी ही — हिला पत्ताच नाही. हिला वाटतंय, कुणीतरी बाहेरचा मालकाचा माणूस अध्यक्ष होऊन बसलाय. काल त्याला शिव्या घालत होती भाजी चिरताना, आणि मी हो ला हो म्हणत बसलो. मीही दोन घातल्या. गिरणीतून पाहुणे तुरुंगात जाणार, लंबूला भेटायला, आणि घरची म्हणून हिला सोबत नेणार — किती दिवसांनी गालावर रंग आलाय तिच्या. कळेलच तिला उद्या. पण उद्या ना? आजचा दिवस तरी — तीही साच्यावरचीच की, तुम्हाला माहीत नाही? शेजारच्या रांगेत होती. आमचं जमलंच तसं, भर खडखडाटात, एक शब्द कुणाला ऐकू न जाता. मी विचारलं, ती हो म्हणाली, नुसत्या ओठांनी —

अहो, थांबा. टोचू नका. ती बघा — काचेपलीकडे, छातीशी मोठा लखोटा धरलेली… तीच. समोर स्टुडिओत गेली असेल, पाहुण्यांना दाखवायला लंबूचा फोटो मोठा करून घेणार होती. कधीपासून उभी आहे? मास्तर, तुमचं तोंड तिकडेच होतं, तुम्ही बघितली असणार — काढा की त्या टाचण्या तोंडातून! बराच वेळ? आणि मी इथे लख्ख दिव्याखाली, तिच्याकडे तोंड करून, काचेत स्वतःचाच कोट बघत… नाही, रस्त्यावर एवढ्या गाड्या, दार बंद, आवाज नसेल गेला बाहेर. आवाज! आवाज कशाला लागतोय तिला.

रडत नाहीये. बोलतेय. अगदी सावकाश बोलतेय, मला नीट कळावं म्हणून. काय म्हणते? — म्हणते, ‘उद्या तो विचारेल, दाजी कसे आहेत. काय सांगू?’

उत्तराची वाट बघतेय. सोडा, मास्तर, बाही सोडा — नको, धरा. धरून ठेवा. माझे ओठच हलत नाहीयेत.