तुरा आला

अध्यक्षस्थानी असलेल्या सरपंच रिताताई, व्यासपीठावरील मान्यवर, ज्यांना निरोप द्यायला मन धजत नाही ते आमचे आरोग्यसेवक पुंडलिकराव, त्यांच्या सौभाग्यवती निर्मलाबाई, आणि साकोलीची बस चुकली तरी चालेल म्हणून बसून राहिलेल्या बंधुभगिनींनो,

पुंडलिकरावांनी एकतीस वर्षं डबक्यांत पळी बुडवून डासांच्या अळ्या पाहिल्या. त्यावर मी डॉक्टर म्हणून काय सांगावं? तरी सांगणार आहे, कारण यातली एक गोष्ट माझ्याच तोंडून यायला हवी.

सहा वर्षांपूर्वी मी इथे रुजू झाले आणि पहिल्याच महिन्यात त्यांची नोंदवही तपासली. शेऱ्याच्या रकान्यात जागोजागी एकच, 'तुरा आला.' हिवतापाच्या वहीत मक्याचा तुरा कशाला? नवी विटी, नवं राज्य होतं. मी लाल शाईने लिहिलं, 'सरकारी वेळेत शेती करू नये', आणि वर ताकीदही दिली.

ते भांडले नाहीत. दवाखान्यामागे दोन घमेली मांडली. पाणी एकाच डबक्याचं, अळ्या सारख्याच. एकात तेवढा मक्याचा तुरा झटकला आणि दोन्हींवर मच्छरदाणीचा तुकडा बांधला. आठ-दहा दिवसांनी मला बोलावलं. तुरा झटकलेल्या घमेल्यात अळ्यांचे डास होऊन जाळीला धडकत होते. दुसऱ्यातल्या अळ्या अजून दोऱ्याएवढ्या बारीक.

"पाहा मॅडम," ते म्हणाले, "तुरा आला का पिवळी भुकटी पाण्यावर बसते. अळ्या थेच खाऊन राहिल्या. म्हनून लिवलो जी."

डास रक्त पितात हे मला पाठ होतं. त्यांची पिल्लं काय खातात, हे मी कधी विचारलं होतं का?

मग गाठ पडली शकुनबाईंशी. त्या समोरच बसल्या आहेत, रागावणार नाहीत. त्यांचा मका नेमका बोअरच्या सांडपाण्याच्या खड्ड्याभोवती, म्हणून मी तो कापायला सांगितला. "कणसं धराची हायेत, आन् तुमी मका कापा म्हनता?" त्या कडाडल्या. पुंडलिकराव म्हणाले, "मका राहू द्या बाई. तुरा हाय तवरिक खड्डा कोरडा ठेवा." भाताच्या बांध्यांतले डास आहेतच, पण त्या गल्लीतला थंडीताप पुढच्या पावसाळ्यात निम्म्यावर आला. आता तिथल्या बाया आपणहून खड्डे उपसतात.

गेल्या आठवड्यात निवृत्तीचे कागद करताना ते म्हणाले, "बाकी काही नाही मॅडम, थो लाल शेरा तेवढा पाहा ना जी." मी तो केव्हाच विसरले होते. या माणसाने सहा वर्षं तो मनात वागवला. मला लाज वाटली, आणि ती चारचौघांत सांगते. ताकीद मागे घेतल्याचं पत्र ताटात नारळाशेजारी ठेवलं आहे.

आपण वेळ काढून आलात, आपली ऋणी आहे. वक्ते शेवटी बोलण्यातल्या चुकांची क्षमा मागतात. माझी चूक लिहिण्यात झाली होती, तिची क्षमा असावी. आणि पुंडलिकराव, निर्मलाबाईंनी आज स्वतःच्या हातांनी तुमचा फेटा बांधला आहे, तो सांभाळत ऐका. तुमच्या वहीच्या शेवटच्या पानावर, शेऱ्याच्या रकान्यात, मी सकाळी हिरव्या शाईने सही करून दोनच शब्द लिहिले आहेत. तुरा आला.