ताटातली शेवटची सुपारी

अवं नाही नाही, तानुबाई, ओट्यावर पाय नको ठेवू — बाईमाणसानं खालीच बसा लागते, हे तुले मी सांगाव काय? इकडं ये, या लिंबाखाली. बस. मी दिव्यात तेल घालून राहिलो, हात भरेल हायेत, नाही तं उठून आलो असतो. नाही, अजून नाही उचलली तुही सुपारी. ठाऊक हाये मले, तुहा घरधनी सहदेव खाटेवर हाये, सकाळपासून किती खेपा सांगशीन? लेकन थोरली बैठक म्हणजे काय आपल्या बार्शीटाकळीची चावडी हाये, का कोणीबी यावं अन् बोलून जावं? बारा गावचे पंच बसेल हायेत देवीच्या देवळात. आपल्या गावच्या पंचाइनं सहदेवले जातीबाहेर टाकलं, ते फिरवाचं असन तं याइनंच फिरवाव, दुसऱ्या कोणाच्या बापाले फिरवता येत नाही. अन् याइची रीत हाये — ज्याचं गाऱ्हाणं त्याची एक सुपारी ताटात. चौगुला मी, ताट माह्यापाशी. म्या सुपारी उचलाव, नाव घ्याव, मंगच पंचाइनं तोंड उघडाव. म्या नाही उचलली तं अमरावतीचे भगवंतराव, एवढे थोरले पंच, त्याइलेबी त्या गोष्टीवर बोलता येत नाही. अन् म्या दिवा लावला का बैठक उठली. मंग जे राहिलं ते राहिलं, पोळा होऊन जाईपर्यंत.

आत काय चालू हाये? आता काय सांगू तुले, हासशीन — साखर! हो, साखर. लग्नाच्या पंगतीत गूळ वाढाचा का साखर, दुपारपासून तेच घोळत बसले. कापसाचा भाव चढला तसं लोकाइचं डोकंबी चढलं. मिरच्या-वांग्याच्या बागा मोडून पऱ्हाटी लावली, बैलाच्या शिंगाले चांदी बसवली, आता गुळानं जीभ भाजते याइची. खुशालराव म्हणतात, ज्याची ऐपत त्यानं साखर वाढाव. भगवंतराव म्हणतात, मंग गरिबाच्या लेकीले कोण करन? एकानं बोलाव, दुसऱ्यानं खोडाव, तिसऱ्यानं पान लावाव. मी मधात बोलू म्हणतं? कसा बोलू? खुशालराव म्हणजे हिवरखेडचे — माह्या शकुनचे होणारे सासरे. वैशाखात लग्न हाये पोरीचं. त्याइचं बोलणं चालू असताना म्या दुसरी सुपारी उचलाव काय? तूच सांग.

काय? सकाळी तुहीच सुपारी पहिली होती? कोणं सांगतलं तुले? …तू स्वतः पाहिली. बरं. होती. हो, होती पहिली, म्याच ठेवली होती, खोटं काहून बोलू देवीच्या दारात. जेवणं झाल्यावर जराशी मागं सरकली. सरकते बाई — ताट हलते, सुपारी गोल असते —

अशी नको पाहू. सरकवली म्या. लेकन तुह्याच भल्यासाठी सरकवली, ऐकून तं घे. भगवंतराव पंगतीत काय म्हणाले ठाऊक हाये? म्हणे, बाटणारा कधी एकटा नसते. दोन माणसं पाठवू सहदेवच्या खाटेजवळ, त्याच्या हातात बेलभंडारा देऊ अन् इचारू — तुह्यासंग अजून कोण होतं? आता तूच सांग, ज्याले घोटभर पाणी गिळता येत नाही त्याच्या हातात बेलभंडारा द्याव काय? मरणाच्या दारातलं माणूस शपथेवर खोटं बोलत नाही — म्हणजे, मले म्हणाचं हाये का, छळ होईन त्याचा. एवढंच.

अन् असं मोठं कोणतं पाप केलं होतं त्यानं? तूच इचार कर. खामगावच्या बाजाराले कापूस चालला, बाळापूरच्या अलीकडं अवकाळी पाणी आलं, गाडी आसापर्यंत चिखलात. ना मागं जाता येत ना पुढं. शिदोरी सरली, चूल पेटत नाही, बैलबी थरथरून राहिले. मंग परजातीचा एक गाडीवान होता शेजारी, त्यानं आपल्या गाडीखाली चूल केली, त्याची भाकर खाल्ली. काय होतं वं त्या भाकरीत? जाडजूड ज्वारीची भाकर, एका कडेले जळेल, अन् वर मिरचीचा ठेचा. ठेच्यात मीठ नव्हतं. तो गाडीवान हासून म्हणे, मीठ पाण्यात वाहून गेलं बाप्पा, आता डोळ्यातल्या पाण्यासंग खा. अन् खरंच डोळ्याले पाणी आलं होतं, भुकेनं का मिरचीनं कोण जाणे —

मले? मले कसं ठाऊक? …सहदेवनंच सांगतलं असन कवातरी. माणूस सांगतेच. काय म्हणून राहिली? तुलेबी नाही सांगतलं? घरच्या बाईले नाही? भाकरीचं नाही, गाडीवानाचं नाही, कशाचंच नाही?

…मले वाटलं होतं, तुले तं सांगतलंच असन.

हळू बोल, माय. हळू बोल, आत आवाज जाते. होतो. मीबी होतो. गाडी माहीच होती फसेल, सहदेव तं मले हात द्याले थांबला होता, त्याची गाडी निघून गेली असती पुढं. त्या रस्त्यानं जाणाऱ्याइनं त्याले चुलीपाशी पाहिलं, मी चाकाआड बसेल होतो. अन् गावच्या पंचाइनं त्याले इचारलं ना, संग कोण होतं — तवा मी तिथंच हेच ताट घेऊन उभा होतो. त्यानं माह्याकडं पाहिलंबी नाही. जमिनीकडं पाहून म्हणे, मी एकटाच होतो. अन् मी उभाच राहिलो, बाई. त्याचीच सुपारी उचलली होती या हातानं. लाज वाटते मले, झोपताना वाटते, जेवताना वाटते, भाकर दिसली का वाटते. लेकन वैशाखात पोरीचं लग्न हाये ना! बाप जातीबाहेर गेला तं हिवरखेडचे लोक दारात उभे राहतीन काय?

रडू नको. बरं, ऐक माहं. डोळे पूस. साखर संपत आली, आता तुही एकटीचीच सुपारी हाये ताटात. उचलतो मी. दिवा लावाले उशीर करतो — तेल सांडलं म्हणीन, वात भिजली म्हणीन. पाठवू दे त्याइले माणसं, देऊ दे बेलभंडारा, जे व्हाचं ते होईन. जातीबाहेर मेला तं कोण उचलन त्याले, हे काय मले समजत नाही? चाल, उठतोच आता —

ते कोण येऊन राहिली वं, पदर सावरत? तुही जाऊ ना, पार्बताबाई? काय झालं? …कवा? …आत्ता?

देवा.

तानुबाई. थांब, उठू नको, थांब जराशी. आता घेतो तुहीच सुपारी, याच घडीले घेतो. साखर गेली खड्ड्यात. आता काही अडचण नाही, आता त्याले कोणी काही इचारणार ना—

…

नाही. मले तसं नव्हतं म्हणाचं. देवीची आण, तसं नव्हतं. अशी काहून पाहून राहिली? खांदे पाहिजेत ना त्याले? मी देतो ना. बैठकीनं एकदा हो म्हटलं का पहिला खांदा माहा. बैठकीनं हो म्हटलं का — अवं, ताटाले हात नको लावू! ते काय करून राहिली? ठेव ते खाली. सुपारी कुठं घेऊन चालली? तानुबाई! पार्बताबाई, सांग ना वं तिले —

…जी? जी, भगवंतराव. आलो. हो जी, भरेल हाये दिवा. नाही जी, कोणी नव्हतं, असंच, बायका होत्या रस्त्यानं जाणाऱ्या. …मागं? नाही. मागं काही राहिलं नाही. ताट रिकामं हाये जी.

लावतो दिवा.