चाकांवर नव्वद

इगशान: पट्टा अजून जरा आवळा, नझीम बूता. गाडी रोलरवरून सुटली तर सरळ समोरच्या भिंतीत जाईल.

नझीम: आपल्या ॲथलोनमधल्या अर्ध्या गाड्या ताकद मोजायला मी या रोलरवर पळवल्यात, इगशान. भिंत अजून जागच्या जागी आहे. तू आधी हात पूस. रविवारचा गोड वडा खाल्लास म्हणून त्या कूसिस्टरचा पाक माझ्या संगणकाला नको.

फाल्दीला: आवाज फार होईल का हो, बूता? बाळ आत्ता कुठे झोपलंय.

नझीम: गाडी जागेवर उभी राहून दीडशेनं पळणार, पोरी. कुजबुज तर होणार नाही. त्याला घेऊन त्या काचेच्या खोलीत बस आणि दार लावून घे.

इगशान: थांब, फाल्दी. आपला ठराव आधी बूतांना सांग. वडीलधारा साक्षीदार असलेला बरा.

फाल्दीला: तूच सांग. शब्द तुझा आहे.

इगशान: चाकांवर नव्वद किलोवॅट ताकद. नव्वद भरले तर माझी ही दोन दारांची गोल्फ गाडी घरात राहणार, आणि फाल्दी पुन्हा 'चार दारांची' हा शब्द तोंडातून काढणार नाही. नव्वदच्या खाली आली तर ती मागत बसलेल्या शफीकला आजच विकायची.

फाल्दीला: आणि चार दारांची घ्यायची. बाबागाडी मावेल एवढी डिकी असलेली.

नझीम: म्हणजे आज मी मेकॅनिक नाही, काझी आहे.

इगशान: दोन कार्ब्युरेटर, नवा कॅमशाफ्ट, मागची धुराची नळी मोठी. नव्वद तर झोपेत देईल.

नझीम: झोपेत सगळ्यांच्याच गाड्या देतात. हो बाजूला.

(फाल्दीला बाळाला घेऊन काचेच्या खोलीत जाते. इंजिनाचा आवाज चढत जातो, टोकाला पोचतो, उतरतो. पुन्हा एकदा तसंच. मागून काळा धूर. फाल्दीला बाळाला खांद्यावर घेऊन बाहेर येते.)

नझीम: आधी साठ. आता एकसष्ट.

इगशान: बरं.

नझीम: बरं काय? शोरूममधून निघाली तेव्हाही एवढे होते. दोन वर्षं खपून तू तिला पुन्हा जन्माच्या दिवशी नेऊन ठेवलंस.

इगशान: इंजिन थकलं असेल. शफीकला फोन करतो. बाहेर रेंज बरी मिळते.

नझीम: अरे, थांब जरा. धूर बघ किती काळा. पेट्रोल नुसतं ढोसतेय ती.

इगशान: शब्द म्हणजे शब्द, बूता.

नझीम: गेला. रडायला गेला की काय?

फाल्दीला: रडत नाही तो. नाक ओढतो फक्त.

नझीम: विचित्रच आहे. आकडा कमी आला की लोक माझ्या यंत्राच्या खानदानावर उतरतात. रोलर खोटे, हवा दमट, नझीमचा डोळा अधू. मुकाट्यानं गेलेला हा पहिलाच.

फाल्दीला: समजूतदार आहे माझा नवरा.

नझीम: इतका? पेट्रोल पोचतंय आणि हवा पोचत नाहीये, असं दिसतंय. ती टॉर्च दे. हवेची नळी इथे हेडलाइटमागे उघडते ना...

फाल्दीला: कशाला रविवारी हात काळे करता, बूता. एक कूसिस्टर घ्या. खोबरं ताजं आहे.

नझीम: काहीतरी मऊ लागतंय. थांब हं. आलं. पिवळं आहे. वर बदकं आहेत.

फाल्दीला: लंगोट आहे तो.

नझीम: ते मलाही कळतंय, पोरी. इंजिनाला कधीपासून लागायला लागला?

फाल्दीला: हळू बोला. मीच खुपसलाय. बाळ महिन्याचं होतं. हा कामावरून येताना गल्लीच्या तोंडाशी पोचला की ही नळी अशी हवा ओढायची, जसं काही कुणी घरच गिळायला निघालंय. तासभर थोपटून निजवलेलं पोर दचकायचं आणि रडून रडून काळंनिळं पडायचं. गप्प झालं की मला दुसराच घोर. नाकाशी बोट धरून बसायचे, श्वास येतोय ना म्हणून. याला सांगून पाहिलं, तर म्हणाला, हा इंजिनाचा सूर आहे. मग मी सुराला लंगोट बांधला.

नझीम: आणि वर नव्वदची पैज मारलीस.

फाल्दीला: पैज त्यानं मारली. मी हो म्हटलं.

नझीम: माझ्या भिंतीवर गाड्यांचे आकडे लागतात. त्यात लंगोटासकट एकसष्ट मी कसा लावू?

फाल्दीला: मला एक साधी, गप्प गाडी हवी, बूता. मागच्या सीटवर बाळाला छातीशी दाबून दर वळणावर दुआ म्हणायला लागणार नाही, अशी. तुम्ही सांगा ना त्याला.

नझीम: मी नाही सांगणार. पण लंगोट माझ्या हातात आहे आणि तो दारात उभा आहे.

इगशान: शफीक निघतोय घरून. हं. सापडला म्हणायचा.

फाल्दीला: सापडला म्हणजे?

इगशान: बदकांचा. हेडलाइटचा दिवा बदलताना दिसला होता मला.

फाल्दीला: आणि काढला नाहीस?

इगशान: काढला होता. त्या रात्री तुम्ही दोघं डोळ्याला डोळा न लावता बसलात. सकाळी परत घातला. धुऊन.

फाल्दीला: तरीच. दोरीवर पेट्रोलचा वास कुठून येतो, ते मला कळेना.

नझीम: थांबा, थांबा. तुला ठाऊक होतं, आणि तरी गाडी तशीच माझ्याकडे आणलीस? वर नव्वदची छाती ठोकून?

इगशान: मग काय करू, बूता? असली गाडी बायकोपोरासाठी विकली म्हटलं, तर शुक्रवारी मशिदीबाहेर पोरं मला बाबागाडी ढकलून दाखवतील. इंजिन संपलं, नझीमच्या यंत्रानं सांगितलं, एवढं म्हटलं की विषय मिटतो. तुमच्या आकड्यापुढे ॲथलोनमध्ये कोण बोलतंय?

नझीम: म्हणजे हिनं लबाडी केली ती गाडी विकायला लावायला, तू केलीस ती विकायला मिळावी म्हणून, आणि पट्टे आवळतोय मी.

फाल्दीला: नुसतं सांगायचंस मला, इगशान.

इगशान: तू सांगितलंस?

नझीम: भांडण घरी नेऊन करा. नळी आता मोकळी आहे, एकदा खरा आकडा बघू दे. नाहीतर मला चैन पडणार नाही.

इगशान: नको, बूता.

फाल्दीला: का नको?

इगशान: बघितला तर विकवणार नाही माझ्याच्यानं.

फाल्दीला: आणि न बघता विकलीस, तर तो आकडा आपल्या घरात वाढत बसेल. आज नव्वद, पुढच्या ईदला दीडशे, आणि पोराच्या लग्नात विमान. करा, बूता. मी दार लावून घेते.

नझीम: मागे सर, इगशान. गाडीकडे असं बघू नकोस, तीही घाबरेल.

(इंजिनाचा आवाज पुन्हा टोकाला पोचतो, उतरतो.)

इगशान: ऐकलंत? वरच्या टप्प्यात कशी गाते ती.

नझीम: ऐकलं. चौऱ्याण्णव.

इगशान: चौऱ्याण्णव.

फाल्दीला: चांगला आहे का हो?

नझीम: एवढ्याशा गाडीला फार चांगला. काम नीट केलंय तुझ्या नवऱ्यानं. पेट्रोल-हवेचं गणित जरा जुळवलं तर अजून दोन निघतील.

इगशान: राहू दे. ते शफीकला काढू दे.

फाल्दीला: नव्वदच्या वर गेली की. मी काही म्हणणार नाही.

इगशान: तू नाही म्हणणार. वळणावर तुझे ओठ हलतात, ते मला आरशात दिसतात. विकतोय मी.

फाल्दीला: शफीकला यायला वेळ आहे?

नझीम: तो 'निघतोय' म्हणाला ना? म्हणजे अंघोळ व्हायचीये.

फाल्दीला: मग पट्टे सोडा, बूता. इगशान, मला एक चक्कर मारून आण. पुढच्या सीटवर.

इगशान: अशीच? मोकळ्या नळीनं?

फाल्दीला: अशीच.

नझीम: आणि हा?

फाल्दीला: हा तुमच्याकडे. असा नाही, बूता, मानेखाली हात घ्या. हं. अजून कुणाकडे दिलेला नाहीये मी त्याला.

नझीम: किती वेळात याल?

फाल्दीला: समुद्र दिसला की वळू.