जावई नावाची बरणी

नाही, नाही, त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय लंगडा आहे, तुम्ही इकडे टेबलापाशी बसा, जावईबापू — आणि ठसका लागला तर लागू द्या, खिडकी उघडी आहे. मिरच्या भाजल्या की असं व्हायचंच. हं, तर काय म्हणत होतात? ‘बाबांना आता एकट्यानं झेपत नाही.’ हे वाक्य तुमचं नव्हे हो, तिचं आहे. माझ्या लेकीची वाक्यं मला ओळखू येतात, तिला निबंध लिहायला मीच शिकवलंय. स्वतः आली असती तर भांडण झालं असतं, म्हणून तिनं तुम्हाला पुढे केलं — जावयाशी सासरा भांडत नाही, असा तिचा समज. भांडतो की! मी इथून हलणार नाही. हे घर बंद करून, किल्ली शेजारी देऊन, तुमच्या त्या मागच्या खोलीत — खोली चांगली आहे हो, खोलीबद्दल काही म्हणणं नाही माझं, पडदेसुद्धा नवे शिवून घेतलेत म्हणे — बघा, पडद्यांचं ऐकलं की लगेच मला अपराधी वाटायला लागतं, हाच माझा घोळ. जन्मभर असाच घोळ. पण नाही म्हणजे नाही. थांबा, चहाचं दूध ठेवतो. कपभरच आहे, होईल लगेच. आणि मी हा खल घेऊन तुमच्यासमोर बसतो. लसूण, मीठ, मिरची, बास. बटाटे उकडून ठेवलेत, पाव आणलाय. जेवूनच जायचं. झेपतं की नाही ते तोंडानं कशाला सांगू, ताटातच बघा.

तिची खरी तक्रार मला माहीत आहे. ‘ज्या माणसानं उभ्या जन्मात मिरचीला बोट लावलं नाही, तो सकाळ-संध्याकाळ मिरच्या कांडत बसतो, आई गेल्यापासून बाबांचं डोकं ठिकाणावर नाही’ — असंच ना? मान खाली घालू नका, हो म्हणा. बरोबर आहे तिचं, मी खात नव्हतो. मिरचीवर एवढा जाडजूड प्रबंध लिहिला, कुठल्या बंदरातून कुठे गेली, कुणी नेली, कुणी लावली, सगळं खणून काढलं, आणि जेवायला काय? तर उकडलेला बटाटा. तुमच्या सासूबाई म्हणायच्या, ‘आमच्या ह्यांची मिरची पुस्तकात, ताटात नुसतं मीठ, तेसुद्धा विचारून.’ पोट नाजूक होतं हो. परीक्षेचे पेपर तपासतानाही दुखायचं — मुलं नापास व्हायची आणि औषध मी घ्यायचो. तिचं मात्र उलट! घाम यायचा तिला नाकाच्या शेंड्यावर, डोळ्यांतून पाणी, आणि म्हणायची, ‘अजून थोडी वाढा.’ कुणाला म्हणायची? मलाच. एका टेबलावर आम्ही दोघं दोन देशांत जेवायचो.

त्या फळीवर मिरच्यांच्या बरण्या दिसतात? त्यांवर चिठ्ठ्या नाहीत. चिठ्ठ्या लावू म्हटलं तर म्हणायची, ‘माणसांच्या कपाळावर लावता का?’ नावं ठेवली होती तिनं, स्वभावावरून. ती पहिली, बारीक, वाकडी — ती ‘मोठी नणंद’. तोंडात गेल्या गेल्या सुरू. तिच्या शेजारी ‘वकीलसाहेब’: आधी गोड बोलतो, मग घशाशी धरतो आणि तासभर सोडत नाही. तिसरा ‘पोस्टमन’, उशिरा येतो पण येतो. आणि ती शेवटची, लालबुंद, रुंद, देखणी — तिचं नाव — जाऊ द्या. नाही, काही नाही. बरं, सांगतो, रागावू नका. ‘जावईबापू’. रंग बघत राहावा असा, आणि तिखटाच्या नावानं शून्य. तुम्ही लग्नाआधी पहिल्यांदा जेवायला आलात ना, सगळ्याला ‘छान आहे’ म्हणालात, त्याच दिवशी बारसं झालं. हसा, हसा. प्रेमानं ठेवलंय हो. रंगाला तीच लागते, तिच्याशिवाय अडतं.

आता तुम्ही म्हणाल — तुम्ही म्हणणार नाही, तुम्ही कधीच काही म्हणत नाही, तुमच्या वतीनं मीच म्हणतो — की या वयात असे नवे नाद कशाला? नवे? अहो, मिरचीच नवी आहे! चार-पाचशे वर्षं म्हणजे काय हो, कालपरवा. समुद्रापलीकडची रोपटी. दर्यावर्दी निघाले होते मिऱ्यांच्या मागे, हाती लागली ही. त्याआधी आपल्याकडे तिखट म्हणजे मिरी, आलं, मोहरी. आणि मिरी कुणाला परवडायची? ती पेटीत, कुलुपात. ही बया आली आणि कुणाच्याही परसात, फुटक्या डब्यात, मूठभर मातीत उगवली. ज्याच्या ताटात काही नव्हतं त्याच्या ताटात काहीतरी आलं. शंभर-दोनशे वर्षांत — म्हणजे बहुधा, जागा बदलली की हिशेब बदलतो, मी तळटीप दिली होती — नाही, आज ‘बहुधा’ नको. आज ठाम बोलायचं ठरवलंय मी. — तर थोड्याच पिढ्यांत लोक छाती ठोकून सांगायला लागले, ही आमच्या वाडवडिलांची. वाडवडिलांनी पाहिलीसुद्धा नव्हती! परकी, न बोलावता आलेली, जिभेला चटका देणारी, आणि तिला कुणी म्हटलं नाही, बाई गं, आता तू लेकीकडे जाऊन राहा. ती राहिली. मीही राहणार. एवढंच माझं म्हणणं आहे, प्रबंधाचं सार म्हणा हवं तर.

नाक काय पुसताय सारखं? मिरचीच आहे ती. आणि अजून एक गंमत सांगतो. तिखट ही चवच नाही. गोड, आंबट, खारट, कडू — ह्या चवी. तिखट म्हणजे दुखणं. जिभेला खोटंच वाटतं की भाजलं. कांडताना डोळे झोंबतात ते काही नाकाचं काम नव्हे, ती वेगळी वाट आहे, वेगळ्या दारातून आत येते. झाडानं ही सोय केली ती प्राण्यांनी खाऊ नये म्हणून, आणि पक्ष्यांना मात्र ते कळत नाही. ते मजेत फळं खातात, बिया लांब नेऊन टाकतात. गच्चीतल्या डब्यांवर रोज एक येऊन बसतो, अख्खी पिकलेली मिरची गिळतो, डोळा मिचकावत नाही. पक्ष्याला सगळं कळतं, फक्त तिखट कळत नाही. माझं नेमकं उलट —

म्हणजे काही नाही. बोलण्याच्या ओघात आलं.

काय शोधताय माझ्या पाठीमागे? वास? हो, येतोय ना, मलाही येतोय. मिरच्या भाजल्याचाच. खमंग आहे की. मिरच्या जरा जास्त भाजल्या की असा — काय झालं? उठलात का? अहो, तुम्ही राहू द्या, मी बघतो —

अरेरे.

पातेलं पार काळं झालं की.

धूरसुद्धा होता. माझी पाठ होती ना तिकडे, आणि हा खलाचा आवाज. चिमट्यानं धरा, भाजेल. मोरीत ठेवा. — तुम्हाला कधी आला वास? मघाशीच? मग बोलला का नाहीत! मी ‘खमंग’ म्हणेपर्यंत वाट बघत बसलात. म्हणजे पारखलंत मला. शाब्बास. सासूबाईंनी तुम्हाला चुकीच्या बरणीत घातलं हो.

बसा. सांगतो. तिच्या आजारपणात मलाही ताप येऊन गेला होता. ती गेली, ताप गेला, आणि नाकही गेलं. सुरुवातीला वाटलं, शोकानं असेल. सगळं कागदासारखं लागायचं. बटाटा कागद, पाव कागद. तिचं कपाट उघडलं, शालीत तोंड खुपसून उभा राहिलो — काही नाही. नुसती लोकर. एवढ्या वर्षांचा संसार आणि नाकाला ओळखच नाही. वेड लागेल असं वाटलं, खरंच. मग एका दुपारी ती ‘मोठी नणंद’ उघडली. का, कुणास ठाऊक. एक चावली. आणि काय सांगू, अशी झणझणली! कान गरम, डोळ्यांत पाणी, आणि नाकाच्या शेंड्यावर घाम. माझ्या नाकावर. तिचा. आरशात बघून हसलो मी, एकटा, मोठ्यानं. मग रोज एक बरणी. कोण जिभेच्या टोकाला लागतो, कोण घशाला, कोण मागाहून येतो, सगळी मंडळी तिनं सांगितली तशीच्या तशी भेटली. हे डोकं बिघडल्याचं लक्षण असेल तर असू दे. ही फळी उचलून मी तुमच्या मागच्या खोलीत आणून मांडू? तिथं तुमच्या पोराला ठसका लागेल, मग बरण्या माळ्यावर जातील. कुणी वाईट नाही. पण जातील.

फोन वाजतोय तुमचा. तिचाच असणार. नको, तुम्ही काही लपवू नका, मला नाही आवडायचं. आणा इकडे, आणा म्हणतो ना! — हं, मी बोलतोय. हो, आहेत ते, समोरच आहेत, ठणठणीत. ऐक. दूध करपलं आणि मला कळलं नाही. मला वास येत नाही, ताप आला तेव्हापासून. नाही, गॅसचासुद्धा नाही. ओरडू नकोस. गॅस सुटला की बोंबलणारं यंत्र मिळतं, ते लावून घेईन. तुझ्या नवऱ्याला आजच आणायला लाव. उद्या सकाळी, दुपारी, वाटेल तेव्हा फोन कर, उचलीन. डॉक्टरलाही दाखवीन. सगळं ऐकीन तुझं. पण मी येणार नाही. नाही, बहुधा नव्हे. नाही म्हणजे नाही. — हॅलो? आहेस ना?

घ्या. ठेवला तिनं. रडत होती. ते येतं मला ऐकू, कान शाबूत आहेत.

असं बघू नका माझ्याकडे. जेवा. हे कांडलेलं बटाट्यावर घ्या — थोडं नाही, चांगलं घ्या. पाणी मागायचं नाही. ‘छान आहे’ म्हणायचं नाही. आणि जेवण झालं की उठा, दुकान बंद व्हायच्या आत ते यंत्र घेऊन या. मी आहे इथेच.