ह्यांची शिवणखोली

—नाही नाही, बसा तुम्ही, हे येतीलच एवढ्यात, दोरा आणायला गेलेत. निळा दोरा. घरात निळ्याची तीन रिळं पडलीत, पण ह्यांना हवा तसला निळा नाही म्हणे — कलावंत माणूस! तोवर खोली बघा की. सगळे बघतात. मुलीने फोटो काढून गावभर पाठवलेत, ‘बाबांची शिवणखोली’ म्हणून. हे टेबल सुताराकडून मुद्दाम करून घेतलं, मशीन आत बसेल असं, कडा गोल, म्हणजे कोपराला टोचत नाहीत. खिडकी डाव्या हाताला, म्हणजे उजव्या हाताची सावली कापडावर पडत नाही. हे कोणी सुचवलं असेल? — जाऊ द्या.

मशीन माझं. माझ्या आईने दिलेलं. मी कुठे शिवायचे? जेवायच्या टेबलावर, आणखी कुठे. पडदे, मुलीचे फ्रॉक, ह्यांच्या शर्टांच्या कॉलरी उलटवून — सगळं तिथेच. जेवायची वेळ झाली की आवरायचं, मशीन उचलून खाली ठेवायचं, टेबल पुसायचं, आणि ह्यांचे हात धुऊन झाले की पुन्हा मांडायचं. एकदा भातात टाचणी निघाली, तर ती टाचणी मी वर्षभर ऐकली. मुलगी नोकरीला परगावी गेली तेव्हा म्हटलं, ही खोली मला द्या शिवायला. तर म्हणाले, पाहुणे आले तर कुठे झोपतील? बरोबरच आहे. मग हे निवृत्त झाले आणि पाहुण्यांची काळजी एकदम मिटली. आता पाहुणे हॉलमध्ये सतरंजीवर झोपतात आणि सकाळी उठून ह्या खोलीचं कौतुक करतात.

आणि ह्यांना मशीनवर बसवलं कोणी? मीच. हात दाखवून अवलक्षण! निवृत्त झाल्यावर दिवसभर स्वयंपाकघरात — हे झाकण उचल, ते झाकण उचल, गॅस मोठाच का आणि मीठ आत्ताच का. डोकं उठायचं माझं. म्हटलं, जरा उशीचा अभ्रा शिवून बघा. शिवला. वाकडातिकडा, पण पुरुषाने शिवलेला ना! मुलीने टाळ्या वाजवल्या. शेजारीण बघायला आली. मी इतकी वर्षं शिवत होते तेव्हा कोणी आलं नाही हो बघायला. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते हेच.

शिवतात कसे विचारताय? — नाही विचारलंत? मग मीच सांगते. सरळ शिवतात. पण धीर नाही. टोकाला टीप मागेपुढे करून पक्की करायची असते, तेवढंही थांबवत नाही ह्यांना. मुलीच्या मैत्रिणीला दिलेली पिशवी भर रस्त्यात उसवली. हे दोन दिवस जेवले नाहीत नीट. मला बघवेना — काय करू, माझंच माणूस. तेव्हापासून दुपारी हे झोपले की मी इथे येऊन बसते. ह्यांचं उसवते, पुन्हा शिवते. ह्यांना माहीत आहे का? माहीत नसायला काय झालं! सकाळी पिशवी हातात घेऊन ओढून बघतात आणि म्हणतात, हात बसत चाललाय माझा.

ती तुमच्या खांद्यावरची पिशवी इथलीच ना? हीच बघून तुम्ही तुमच्या बायकांच्या शिवणवर्गात शिकवायला ह्यांना बोलवायला आलात. उलटी करा जरा. करा हो, अस्तराच्या कडेने बोट फिरवा. मधेच जाड लागतंय ना? टीप थांबून, पक्की होऊन पुन्हा सुरू झालीय. शहाणा माणूस अशी मधेच कशाला थांबेल? आतल्या खोलीत खाट वाजली की मला कळतं, हे उठले, आता चहा. मग असेल तिथे पक्कं करून उठायचं. त्या दिवशी ह्यांना खोकला होता, म्हणून तीन ठिकाणी लागेल बघा. मुलीच्या फ्रॉकांतही असंच आहे सगळीकडे. मी अख्खी शिवण एका बैठकीत कधी घातलीच नाही.

वर्गाचं ह्यांनी कालच सांगितलं मला, तुमचा फोन आला तेव्हा. म्हणाले, तू घरी नमुने शिवून ठेवत जा, मी तिथे दाखवीन. मी हो म्हणाले. — पण तुमच्या बायकांना शिकवायला मीही आले असते, बरं का. नीट शिकवलं असतं. फक्त कोणी मला विचा—

फाटक वाजलं. सुलट करा ती पिशवी. करा पटकन, आणि घ्या खांद्यावर.

या! तुमचीच वाट बघतायत ह्या केव्हाच्या. मिळाला का निळा? — मी? मी काय बोलणार, खोली दाखवत होते. — हो, टाकते चहा.